छत्तीस पत्त्यांशी माझा छत्तीसाचा आकडा

दिवाळीच्या पाडव्याला आणखी एक जुने नाव आहे : द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर आणि पार्वती फासे खेळली अशी कथा आहे, आणि या दिवशी जो जिंकेल त्याला सारे वर्ष लाभाचे जाते अशी समजूत आहे. आमच्या घरी पाडव्याच्या दुपारी चिवड्याचे ताट मध्ये ठेवून पत्ते कुटण्याचा रिवाज आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. आजोबा त्या दिवशी हमखास हरत. पण हरलो म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या फळ्या उघडल्या नाहीत, असे एकदाही घडले नाही. समजूत समजुतीच्या जागी आणि दुकान दुकानाच्या जागी! या दोहोंमधली रेघ त्या चौथी शिकलेल्या माणसाला बरोबर ठाऊक होती. ती रेघ आज पदव्या घेतलेल्या लोकांच्या डोळ्यांपुढून पुसली जात आहे, अशी माझी तक्रार आहे. आणि सणासुदीच्या अंकात ती मांडतो आहे याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. तक्रार पत्त्यांबद्दल आहे, आणि पत्त्यांची आठवण आपल्याला दिवाळीतच होते.

गेल्या पाडव्याला माझ्या भाचीने पिशवीतून एक नवाच जोड काढला. त्यात राजा नाही, राणी नाही, बदाम-चौकट आहेत त्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या. एकूण पत्ते छत्तीस आणि प्रत्येकावर एकेक चित्र : घोडेस्वार, जहाज, घर, झाड, ढग, साप, शवपेटी, कोल्हा, अस्वल, पत्र, अंगठी, गृहस्थ, स्त्री, किल्ली, नांगर, क्रूस. याला ‘लेनॉरमंड’ म्हणतात, आणि तो मांडला की माणसाचे पुढचे दिसते, असे तिने सांगितले. मंडळी हसली. माझ्या मेव्हण्यांच्या शेजारी अस्वल पडले, तेव्हा तर माझ्या बहिणीकडे पाहून सारे घर हसले. मीही हसलो. संध्याकाळी ओवाळणी आटोपून सगळे पांगल्यावर भाची माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मामा, मी दुपारी हसले, पण मला हसू येत नव्हतं.”

तिचे लग्न ठरत आले होते. मुलगा नागपूरचा, ही पुण्याची. मध्येच तिच्या मनात काही शंका आली, आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने एका पत्ते वाचणाऱ्या बाईंचा सल्ला घेतला. बाई दूरच्या शहरात, भेट फोनच्या पडद्यावर, दक्षिणा आधी. बाईंनी पट मांडला, तेव्हा गृहस्थाच्या पत्त्याला कोल्हा चिकटून आला. बाई म्हणाल्या, “मुलगा दिसतो तसा नाही. जपून राहा.” भाचीने पुन्हा विचारले, तिसऱ्यांदा विचारले, चौथ्यांदा विचारले. कधी कोल्हा दूर गेला, कधी ढग जवळ आले. साखरपुडा पुढे ढकलला गेला, आणि घरात कारण सांगितले ते रजा मिळत नसल्याचे.

ज्याच्याशी भांडायचे त्याचे घर आधी पाहून यावे, अशी माझी सवय आहे. म्हणून गेले वर्षभर या पत्त्यांविषयी मिळेल ते वाचले. जे हाती आले ते या पत्त्यांच्या जाहिरातींत सहसा नसते. ते आधी सांगतो.

ज्या बाईचे नाव या पत्त्यांना आहे ती मारी आन लनॉर्मां १७७२ साली फ्रान्समधल्या आलाँसों गावी जन्मली आणि १८४३ साली पॅरिसमध्ये वारली. र्यू द तूर्नों या रस्त्यावर तिची बैठक असे. राज्यक्रांतीचा काळ तो. आज सत्तेवर असलेला माणूस उद्या वधस्तंभावर चढत होता. अशा काळात भविष्य विचारणाऱ्यांची वाण पडत नाही. बाई हुशार होती, लिहिणारी होती, आणि स्वतःची कीर्ती वाढवण्यात तर फार तरबेज होती. क्रांतीचे पुढारी आपल्याकडे येऊन गेले, सम्राज्ञी जोसेफीन आपला सल्ला घेत असे, असे ती सांगे. १८०९ मध्ये तिला अटक झाली आणि त्या अटकेच्या निमित्ताने तिने आपल्या भाकितांचे पुस्तक लिहिले. ते प्रसिद्ध झाले १८१४ साली. म्हणजे ज्या वर्षी नेपोलियनचे सिंहासन कोसळले त्याच वर्षी! घडून गेलेल्या गोष्टीचे भविष्य सांगण्याइतके बिनधोक शास्त्र दुसरे नाही. जोसेफीनविषयीच्या तिच्या आठवणी आल्या त्या १८२० साली. तोवर जोसेफीनला जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि हो की नाही ते सांगायला ती येणार नव्हती.

पण खरी गंमत पुढेच आहे. या छत्तीस पत्त्यांचा त्या बाईशी संबंध दाखवणारा पुरावाच नाही. ती वारल्यावर दोन-तीन वर्षांतच तिचे गाजलेले नाव छापून हे पत्ते बाजारात आले, आणि सोबत तिच्या कोणा वारसाच्या नावे पत्ते वाचण्याची रीत छापलेला कागद देण्यात येऊ लागला. बाई स्वर्गवासी झाली होती. तक्रार कोण करणार? ज्या विद्येचा पहिला शब्दच उसन्या नावाचा आहे, तिच्या खरेपणाची ग्वाही मग कोणी द्यायची?

मग हे पत्ते मुळात कुणाचे? तर न्यूरेंबर्ग शहरातल्या योहान कास्पार हेख्टेल नावाच्या, पितळेचा कारखाना चालवणाऱ्या एका गृहस्थाचे. १७९९ च्या सुमारास त्याचा एक घरगुती खेळ निघाला. नाव ‘आशेचा खेळ’. त्याचा एक संच लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आजही आहे. छत्तीस पत्ते सहा-सहांच्या सहा ओळींत ओळीने मांडायचे, दोन फासे टाकायचे आणि आपली सोंगटी पहिल्या घरापासून पुढे न्यायची. तिसऱ्या घरी जहाज लागले की ते तुम्हाला कॅनरी बेटांवर, म्हणजे बाराव्या घरातल्या पक्ष्यांकडे नेऊन सोडते. सातव्या घरी साप. त्याने डसू नये म्हणून तीन चकत्या दंड भरायचा. आठव्या घरी शवपेटी. तेथे गेलेला खेळाडू मेला असे समजायचे, पण कुठवर? दुसरा कोणी त्या घरात येईपर्यंत, किंवा दोन्ही फाशांवर सारखे दान पडेपर्यंत! पस्तिसाव्या घरी आशेचा नांगर. तेथे जो पोचला त्याने सगळ्या चकत्या उचलाव्यात. कंटाळा आला तर साधे डाव खेळता यावेत म्हणून प्रत्येक चित्रावर नेहमीच्या खेळातला एकेक पत्ताही छापलेला असे.

वाचकहो, हा खेळ तुम्हाला ओळखीचा वाटला ना? वाटणारच. ही आपली सापशिडी आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट आहे, त्याचाच हा दूरचा भाऊ शोभेल. तिथे कवड्या, इथे फासे. तिथे मोक्ष, इथे आशा. साप मात्र दोन्हीकडे. मोक्षपटावर साप चावला म्हणून आमच्या कोणत्या आजीने मुलीचे स्थळ मोडले होते? सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे एकशेवीस पत्ते आहेत, एकेक पत्ता पाहत राहावे असा. त्यावर साक्षात दहा अवतार बसले आहेत, तरी मत्स्यावताराचा पत्ता आला म्हणून कोणी नोकरी सोडली नाही. आणि न्यूरेंबर्गच्या खेळातला तो कोल्हा, ज्याने माझ्या भाचीची झोप उडवली? तो चौदाव्या घरी बसतो, सोंगटीला आडवाटेला नेतो आणि पाचव्या घरातल्या रानात धाडतो. त्याचा मूळचा सारा गुन्हा म्हणजे खेळाडू नऊ घरे मागे जातो, एवढाच!

यावर पत्त्यांचे वकील म्हणतील की खेळातूनही विद्या निघते. हेख्टेलने नकळत मोठी वस्तू निर्माण केली असेल. नकळत नव्हे. खेळाच्या नियमांच्या शेवटी त्याने हाही उपयोग सांगून ठेवला आहे. पत्ते पिसावेत, आठ-आठांच्या चार ओळी आणि खाली उरलेले चार असे मांडावेत. विचारणारी बाई असेल तर एकोणतिसाव्या पत्त्यापासून आणि पुरुष असेल तर अठ्ठाविसाव्यापासून आरंभ करावा, आणि भोवतीच्या चित्रांवरून एक गमतीची गोष्ट रचून सांगावी. आज जी मांडणी गंभीर चेहऱ्याने ‘महापट’ म्हणून पैसे घेऊन वाचली जाते, तिचाच हा आराखडा आहे. कर्त्याने स्वतःच्या हाताने त्यावर ‘गंमत’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती चिठ्ठी कुणी, केव्हा आणि कुणाच्या फायद्यासाठी खरवडून काढली, हा माझा प्रश्न आहे.

मांडणी वाचण्याच्या कलेत काही नाही, असे मी म्हणणार नाही. ती कला आहे, आणि देखणी कला आहे. तीन पत्ते ओळीत ठेवले की वाक्य होते : घोडेस्वार, पत्र, अंगठी, म्हणजे लग्नाचा निरोप येतो आहे. नऊ पत्त्यांचा चौक मांडला की मधला पत्ता विषय होतो आणि भोवतीचे आठ त्याची हकीकत सांगतात. छत्तीसांचा पट मांडला तर विचारणाऱ्याचा पत्ता शोधायचा. त्याचे तोंड ज्या दिशेला ते पुढचे, पाठ ज्या दिशेला ते मागचे. वर आहे ते मनातले, खाली आहे ते पायाखालचे. जवळचा पत्ता जोरात बोलतो, दूरचा हळू. चार कोपऱ्यांचे पत्ते साऱ्या चित्राची चौकट धरतात. चांगला वाचणारा यातून अशी गोष्ट उभी करतो की ऐकणाऱ्याने चहा गार करावा.

पण गोष्ट रचण्याची हीच सोय पुराव्याच्या कामी घातक ठरते. शेजारचा पत्ता जुळला नाही, तर बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने पलीकडचा पाहायचा, अशी रीत आहे. तोही जुळला नाही, तर पटाच्या दुसऱ्या बाजूला त्याच्या समोरासमोर येणारा पाहायचा. तोही नको असेल, तर पत्ता कितव्या जागेवर पडला ते मोजायचे आणि त्या क्रमांकाच्या पत्त्याचे ते ‘घर’ मानून अर्थ लावायचा. वर, खाली, मागे, पुढे, तिरपे, अडीच घरे, समोरासमोर आणि शिवाय घर! एवढ्या वाटा मोकळ्या ठेवल्यावर छत्तीसांतल्या कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत जाता येणार नाही? ज्या जाळ्यात प्रत्येक मासा सापडतो, त्याने अमुकच मासा धरला, ही बढाई कशाला?

थोडे गणित मांडतो. शाळेतले आहे, घाबरू नये. नऊ-नऊ पत्त्यांच्या चार ओळी मांडल्या, तर कोणत्याही दोन ठरावीक पत्त्यांनी एकमेकांना चिकटून पडण्याचा संभव ६३० मध्ये १०७, म्हणजे सहांत एकाहून किंचित जास्त. याचा अर्थ, शंभर बायकांनी पट मांडले तर सतरा जणींच्या पत्त्याला शवपेटी लागणारच. आता ढग, साप, शवपेटी, कोयता, डोंगर, उंदीर आणि क्रूस हे सात पत्ते अशुभ धरा. त्यांपैकी निदान एक तरी विचारणाऱ्याला चिकटण्याचा संभव शंभरात चौऱ्याहत्तर. म्हणजे चौघींपैकी तिघींना भिवविण्याची तरतूद पट मांडण्यापूर्वीच झालेली आहे. तितकेच सात पत्ते शुभ धरा, म्हणजे तीनपानी, पुष्पगुच्छ, तारे, बदाम, सूर्य, किल्ली आणि नांगर; त्यांचाही हिशेब तोच येतो. आणि अर्ध्याहून अधिक पटांत शुभ आणि अशुभ दोन्ही एकाच वेळी उंबऱ्यात उभे असतात. “अडचण दिसते, पण मार्ग निघेल,” हे वाक्य बोलायला मग पत्ते कशाला हवेत? ते आमच्या गल्लीतला वाणीसुद्धा उधारी लिहिताना बोलतो.

“पण मामा, माझ्यासाठी नेमके हेच पत्ते का पडले?” हा प्रश्न भाचीने मला विचारला होता. छत्तीस पत्ते ज्या वेगवेगळ्या क्रमांनी पडू शकतात त्यांची संख्या सुमारे सदतिसावर चाळीस शून्ये, इतकी प्रचंड आहे. त्यामुळे नीट पिसलेला प्रत्येक पट बहुधा जगात पहिल्यांदाच पडत असतो. प्रत्येक पट अपूर्व. म्हणूनच प्रत्येकाला तो आपल्याचसाठी पडला असे वाटते. तुमच्या अंगणात आज पडलेली प्राजक्ताची फुलेही नेमकी याच मांडणीने पूर्वी पडली नव्हती. म्हणून त्यांनी तुम्हाला निरोप धाडला काय?

आता कोल्ह्याकडे परत येतो. कोल्ह्याचा अर्थ काय, यावर या विद्येच्या पंडितांतच एकमत नाही. जुन्या रीतीत कोल्हा म्हणजे कपट. अलीकडच्या कित्येक पुस्तकांत कोल्हा म्हणजे नोकरी, रोजचे पोटापाण्याचे काम. तोच प्रकार लिलीच्या फुलाचा : कुणाला त्यात कुटुंब आणि वडीलधारी माणसे दिसतात, कुणाला शृंगार. म्हणजे माझ्या भाचीचा नवरा मुलगा कपटी आहे की नुसता नोकरदार आहे, हे बाईंच्या कपाटात कोणते पुस्तक आहे त्यावर ठरले! न्यायाधीशाच्या हातातल्या कायद्याच्या पुस्तकात एका आवृत्तीत ‘चोर’ आणि दुसरीत ‘कारकून’ असे छापलेले निघाले, तर त्या न्यायालयात आपण आपल्या लेकीचा खटला नेऊ का?

या पत्त्यांचे समर्थन तीन-चार प्रकारांनी होते. त्यांना उत्तर दिल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

पहिले समर्थन अनुभवाचे. “मला सांगितले ते अगदी तंतोतंत जुळले.” जुळले असेल. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचांपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. नंतर उघड झाले की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. आपल्याविषयी कुणी लक्ष देऊन बोलते आहे, याचाच माणसाला इतका आनंद होतो की बोलणे कुणाला लागू पडत नाही, हे विचारायचे तो विसरतो.

दुसरे समर्थन उलट हल्ल्याचे. “परदेशी पत्ते म्हणून नावे ठेवता, घरच्या ज्योतिषाचे काय?” हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणजे मी तोच तराजू घरच्या मालालाही लावतो. आपल्याच महाराष्ट्रात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली आणि २००९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना पाठवल्या, प्रत्येकाला चाळीस. कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची, एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले शेकडा सेहेचाळीस. नाणे उडवले असते तरी पन्नास निघाले असते. अशी चाचणी पत्ते वाचणाऱ्यांनीही खुशाल द्यावी. लग्न टिकलेल्या पन्नास आणि मोडलेल्या पन्नास जोडप्यांचे पट, नावे झाकून, त्यांच्यापुढे ठेवावेत. पट वाचता येतो म्हणणाऱ्याला यात अवघड काय आहे? देवळात फुलांचा कौल लावणाऱ्या भाविकाशी माझे भांडण नाही. त्याचा व्यवहार त्याच्या देवाशी आहे. पोपटवाल्या ज्योतिषाशीही फारसे नाही. तो बिचारा रस्त्यावर बसतो, आणि त्याचा पोपट “मी तुमच्या मनाचा आरसा आहे” असे म्हणत नाही. पोपटाला हसणारे सुशिक्षित लोक चकचकीत पुठ्ठ्यावरच्या इंग्रजी नावाच्या कोल्ह्यापुढे मात्र हात जोडतात, याचे मला वाईट वाटते.

आरसा हा शब्द आलाच, तर तिसरे समर्थन घेतो. हल्लीचे चतुर वाचक म्हणतात, “आम्ही भविष्य सांगतच नाही. पत्ते हे निमित्त. माणसाच्या मनात असलेले बाहेर येते.” हे ऐकायला गोड आहे, आणि त्यात सत्याचा अंशही आहे. पत्राचे चित्र पाहून एखाद्याला न लिहिलेले पत्र आठवेल. घराचे चित्र पाहून आईची आठवण येईल. तेवढ्यासाठी कुणी स्वतःच्या टेबलावर स्वतः पत्ते मांडत असेल, तर त्याने सुखाने मांडावेत. पण आरसा समोर असेल तेच दाखवतो. पत्ते पिसून पडले ते दाखवतात. शिवाय या आरशाशेजारी एक माणूस उभा असतो, तो तुम्हाला काय दिसले ते सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. माझ्या भाचीच्या मनात कोल्हा नव्हता. एक साधी शंका होती. कोल्हा आला आणि शंकेचा आरोप झाला. जे मनात नव्हते ते आत घालणाऱ्या वस्तूला आरसा म्हणत नाहीत.

चौथे समर्थन दयेचे. “गांजलेल्या माणसाला धीर मिळतो, तुमचे काय जाते?” धीर मोठी गोष्ट आहे, आणि तो देणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण वरचे गणित आठवा. ज्या पटात चौघींपैकी तिघींच्या दाराशी अशुभ उभे असते, तो धिराचा पट कसा? वाईट पडले की ते पुसण्यासाठी पुन्हा जावे लागते, चांगले पडले की ते पक्के करण्यासाठी पुन्हा जावे लागते. भाची चार वेळा गेली ती धीर मिळाला म्हणून नव्हे, मिळाला नाही म्हणून. आणि माझे काय जाते, हे विचारलेत म्हणून सांगतो : माझ्या घरची शहाणी मुलगी चार महिने एका माणसाकडे संशयाने पाहत होती आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच्यावर खटला चालला होता, साक्षीला कोल्हा उभा होता, आणि आरोपीला समन्ससुद्धा गेले नव्हते. अन्याय म्हणतात तो यापेक्षा निराळा असतो काय?

त्या पाडव्याच्या रात्री मी तिला एकच विचारले, “पत्त्यांना तू चारदा विचारलंस. तुला नक्की काय विचारायचं होतं?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, की त्याने पुण्याला बदलीचा अर्ज करतो म्हणून सांगितले होते. सहा महिने झाले, त्याने अर्ज केल्याचे काही बोलला नाही. “मग हे त्याला विचारलंस?” “नाही.” “का?” “तो खरं काय ते सांगेल, याची भीती वाटली.”

साऱ्या पत्त्यांचे, कुंडल्यांचे आणि कौलांचे रहस्य मला त्या एका उत्तरात सापडले. पत्त्यांना आपण विचारतो ते उत्तर मिळावे म्हणून नव्हे. खरे उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याला विचारावे लागू नये म्हणून. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न, बापाला विचारायचा प्रश्न, बँकेतल्या माणसाला विचारायचा प्रश्न, आणि कधी कधी स्वतःला विचारायचा प्रश्न, असे सगळे आपण छत्तीस पुठ्ठ्यांच्या तुकड्यांना विचारतो. कारण ते उत्तर देतात, पण उलट प्रश्न करीत नाहीत. माणूस उलट प्रश्न करतो. माणूस रडतो, रागावतो, क्वचित नाही म्हणतो. त्याला सामोरे जाण्याचे बळ ज्या सवयीने कमी होते ती सवय निरुपद्रवी आहे, असे मी कदापि म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाचीने नागपूरला फोन लावला. तासभर गच्चीवर बोलत होती. अर्ज त्याने केला नव्हता. आईच्या आजारपणामुळे नागपूर सोडणे त्याला अवघड झाले होते, आणि हे सांगितले तर लग्न मोडेल या धास्तीने तो गप्प राहिला होता. म्हणजे इकडे ही भीत होती आणि तिकडे तो भीत होता. मध्ये कोल्हा दक्षिणा घेऊन बसला होता.

पुढे दोघांनी काय ठरवले, ते मी येथे लिहिणार नाही. उत्सुकता ताणण्याचा हेतू नाही. लग्न झाले म्हणून लिहिले तर काही वाचक म्हणतील, कोल्हा खोटा ठरला. मोडले म्हणून लिहिले तर दुसरे म्हणतील, पाहा, पत्त्यांनी आधीच सांगितले होते! दोघेही पुन्हा पत्त्यांचाच न्याय करीत बसतील. मला एवढेच सांगावयाचे आहे, की जे ठरले ते दोघांनी बोलून ठरवले, दोघांना त्याची कारणे ठाऊक आहेत, आणि त्या निर्णयाची जबाबदारी दोघांपैकी कुणीही पुठ्ठ्यावर ढकलणार नाही.

तो जोड मी फेकून दिलेला नाही. चित्रे सुरेख आहेत, आणि चित्रांनी कुणाचे काय घोडे मारले आहे? यंदाच्या पाडव्याला भाचीलाच सांगितले आहे, की पत्ते घेऊन ये, दोन फासेही आण. हेख्टेलच्या मूळ नियमांनी सहा-सहांच्या सहा ओळी मांडायच्या. चकत्यांऐवजी शंकरपाळे. सापाला तीन शंकरपाळे दंड. शवपेटीत जो जाईल त्याने दुसरा येईपर्यंत मेल्यासारखे पडून राहायचे. हा मान मेव्हण्यांना मिळावा अशी माझी इच्छा आहे. नांगरापर्यंत जो पोचेल त्याचा डबा. आणि हरलो, तर दुसऱ्या दिवशी आजोबांसारखे वेळेवर कामाला जायचे.

कोल्हा येईल, नऊ घरे मागे धाडील. त्याला तेवढेच येते.